भयाचें शिक्षण कीं विवेकाचें?

गेल्या ज्येष्ठांत, शाळा उघडण्याच्या सुमारास, आमचे एक मुख्याध्यापक-मित्र आमच्याकडे आले आणि त्यांनीं आमच्या मेजावर एक भला मोठा गठ्ठा ठेविला. त्यांत सरकारी खात्यांच्या पुस्तिका होत्या, परदेशी संस्थांच्या पाठमाला होत्या, चित्रफितींची एक यादी होती, भिंतीवर लावावयाचे तक्ते होते, आणि मुलांनीं सही करावयाचें एक प्रतिज्ञापत्रहि होतें. विषय सर्वांचा एकच : इंटरनेटवर मुलांनीं सुरक्षित कसें राहावें व सुजाण नागरिकाप्रमाणें कसें वागावें. "यंदा आठवड्यांतून एक तास या विषयाला द्यावयाचें शाळेनें ठरविलें आहे. यांतलें चांगलें कोणतें तें तुम्ही पाहून सांगा," असें म्हणून ते गेले. काम एका संध्याकाळचें आहे असें आम्हांस वाटलें होतें; प्रत्यक्षांत त्याला सबंध महिना लागला. कारण कोणती पुस्तिका घ्यावी हा प्रश्न सोडवावयाचा तर चांगली कशास म्हणावें हा प्रश्न आधीं सोडवावा लागतो, आणि तो शिक्षणशास्त्राचा जितका आहे तितकाच नीतिशास्त्राचाहि आहे.

या वाङ्मयांत ‘सुरक्षितता’ आणि ‘नागरिकत्व’ हे शब्द नेहमीं जोडीनें येतात. दिसावयास ते भावंडांसारखे दिसतात. पण त्यांचें गोत्र एक नाहीं. सुरक्षितता विचारते, "मला काय होईल?" नागरिकत्व विचारतें, "माझ्या हातून दुसऱ्याचें काय होईल?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर कुलपांत, संकेतशब्दांत व सावधगिरींत सांपडतें, दुसऱ्याचें उत्तर शोधावयाचें तर मनुष्याच्या स्वभावांत शिरावें लागतें. माइक रिबल व जेराल्ड बेली यांचें शाळांतील डिजिटल नागरिकत्वावरील पुस्तक २००७ सालीं अमेरिकेंत निघालें. त्यांनीं या नागरिकत्वाचीं नऊ अंगें सांगितलीं, आणि स्वसंरक्षण हें त्या नवांपैकीं केवळ एक आहे. व्यवहारांत मात्र उलट झालें आहे. आमच्या पुढच्या गठ्ठ्यांतील बहुतेक पानें सुरक्षिततेनें भरलीं होतीं. नागरिकत्वाच्या वांट्यास शेवटचें एखादें पान आलें होतें. आपल्याकडे नागरिकशास्त्र इतिहासाच्या शेपटाला बांधण्याची जी जुनी वहिवाट आहे, तिचीच ही नवी आवृत्ति म्हणावयाची.

सुरक्षिततेच्या पानांचा सूरहि बहुधा एकच, तो भयाचा. अनोळखी माणसाशीं बोलूं नका. छायाचित्र पाठवूं नका. नांव, पत्ता, शाळा सांगूं नका. एक चूक आणि जन्माचें नुकसान! हा सूर काढणाऱ्यांचा हेतु वाईट आहे असें कोण म्हणेल? तथापि आमच्या नात्यांतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत येथें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. त्याच्या शाळेंत अशाच एका प्रतिज्ञापत्रावर सर्व मुलांच्या सह्या घेतल्या होत्या : ‘मी इंटरनेटवर अनोळखी व्यक्तीशीं कधींहि बोलणार नाहीं, स्वतःचें छायाचित्र कोणासहि पाठविणार नाहीं.’ पुढें सहा महिन्यांनीं, मोबाइलवरील एका खेळाच्या नादांत, समवयस्क म्हणविणाऱ्या कोणा व्यक्तीशीं त्याची ओळख झाली, मैत्री वाढली, आणि जें पाठवूं नये तें छायाचित्र त्यानें पाठविलें. दुसऱ्याच दिवशीं पैशांची मागणी सुरू झाली. मुलानें आईच्या मोबाइलवरून दोनदां पैसे धाडले. अकरा दिवस तो नीट जेवला नाहीं. घरच्यांस वाटलें, परीक्षा जवळ आली आहे. शेवटीं सुटींत आलेल्या त्याच्या आत्याला संशय आला. तिनें त्याला रात्रीं गच्चीवर नेऊन जवळ बसविलें, तेव्हां तो प्रथम एवढेंच बोलला : "आत्या, मी सही केली होती गं."

या वाक्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. मुलाला धमकावणाऱ्याची भीति होती यांत शंका नाहीं. परंतु त्याहून मोठी भीति त्याला स्वतःच्या सहीची वाटत होती. आपण वचन मोडलें. तेव्हां आतां कोणत्या तोंडानें सांगावयाचें? म्हणजे त्या प्रतिज्ञेनें चूक टळली नाहीं ती नाहींच, उलट चुकीनंतर घरीं परत येण्याची वाट मात्र बंद झाली. आणि या धंद्यांतील लबाडांचें सारें भांडवल तरी कोणतें? मूल कोणास सांगणार नाहीं, हेंच. शाळेनें सद्‌हेतूनें घेतलेली सही अशा रीतीनें नकळत त्या लबाडाच्याच उपयोगीं पडली.

हें एकाच घरीं घडलें असें नाहीं. अमेरिकेच्या एफ. बी. आय. नें २०२२ च्या डिसेंबरांत दिलेल्या जाहीर इशाऱ्यांत म्हटलें होतें कीं, गेल्या वर्षभरांत अल्पवयीन मुलांस अशा प्रकारें धमकावल्याच्या ७,००० हून अधिक तक्रारी आल्या. त्यांत निदान ३,००० मुलें बळी पडलीं, त्यांतहि मुलगे अधिक. आणि बारांहून अधिक मुलांनीं जीव दिला. जीव देण्याइतकें असें त्या छायाचित्रांत काय होतें? छायाचित्रांत तसें कांहीं नव्हतें. तें सांगतां येत नाहीं, या समजुतींत होतें. धड्यांचें मूल्यमापन करावयास बसलेल्या मनुष्यानें ही गोष्ट क्षणभरहि दृष्टीआड होऊं देतां कामा नये.

कोणी म्हणेल, भयाचा तुम्हीं एवढा द्वेष कां करितां? विस्तवाचें भय नसतें तर कोणतें मूल हातीं लागलें असतें? आक्षेप रास्त आहे. भय सर्वथा त्याज्य नाहीं. पण विस्तवाच्या भयानें मूल रडत आईकडे धांवतें. लाजेच्या भयानें तें आईपासून लपतें. पहिलें भय सावध करितें, दुसरें एकटें पाडतें. धडा कोणत्या जातीचें भय पेरतो हें पाहिल्याशिवाय त्याची स्तुति किंवा निंदा करणें व्यर्थ होय.

शिवाय भयाच्या धड्यांचा इतिहास आपल्यापुढें आहे, आणि तो उत्तेजक नाहीं. लॉस एंजेलिस शहरांत १९८३ सालीं पोलीस व शाळा यांनीं मिळून ‘डेअर’ नांवाचा उपक्रम काढला. गणवेशांतले पोलीस अधिकारी वर्गांत येत व मादक पदार्थांपासून दूर राहण्यास शिकवीत. पालक संतुष्ट, शिक्षक संतुष्ट, पोलीस संतुष्ट. उपक्रम देशभर पसरला. परंतु १९९४ सालीं निरनिराळ्या परीक्षणांचा एकत्र विचार करून जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांत मुलांच्या प्रत्यक्ष व्यसनावर या पाठांचा परिणाम नगण्य असल्याचें दिसून आलें. आणि २००१ सालीं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानें या उपक्रमाची गणना निष्फळ उपक्रमांत केली. चालकांनीं पुढें आपले पाठ बदलले, हें त्यांस भूषणावह आहे. पण मधल्या काळांत जीं मुलें शाळेंतून बाहेर पडलीं, त्यांचे ते तास गेले ते गेलेच.

दुसरें उदाहरण याहून कडू आहे. न्यू जर्सी राज्यांतील राह्वे येथील तुरुंगांत वाह्यात मुलांस नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दरडावण्याचा प्रयोग झाला. त्यावर १९७८ सालीं निघालेला माहितीपट अतिशय गाजला व त्याचें अनुकरण ठिकठिकाणीं झालें. पुढें, मुलांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडून केलेल्या अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासण्यांत आले. तुरुंगांत नेलेल्या मुलांच्या हातून न नेलेल्या मुलांपेक्षां पुढें अधिक गुन्हे घडले, असें त्यांत आढळलें. म्हणजे धडा न देणें हें धडा देण्यापेक्षां हितावह ठरलें! ज्याचा परिणाम तपासला नाहीं असें औषध आपण आपल्या मुलाला देत नाहीं. मग धडाच तेवढा सद्‌हेतूच्या बळावर कां द्यावा? सद्‌हेतु देणाऱ्याला निर्दोष ठरवूं शकेल. पण धड्याचा गुण तेवढ्यानें सिद्ध होत नाहीं.

इंटरनेटसंबंधींच्या धड्यांचीहि तपासणी झाली आहे. एका प्रसिद्ध अमेरिकन अभ्यासक्रमाचें २००६ सालीं परीक्षण झालें, तेव्हां मुलांचें ज्ञान वाढलें पण वर्तन बदललें नाहीं, असें दिसलें. न्यू हँपशायर विद्यापीठांत बालकांवरील गुन्ह्यांचा अभ्यास करणारें एक केंद्र आहे. तेथील अभ्यासकांनीं शाळांत चालणारे चार प्रमुख अभ्यासक्रम तपासले. इतर विषयांतील प्रतिबंधक शिक्षणाच्या अनुभवानें ज्या गोष्टी उपयुक्त ठरल्या आहेत, म्हणजे प्रत्यक्ष सराव, प्रसंग उभा करून बोलावयाची तालीम, पुरेसा वेळ, पुनरावृत्ति, त्या या साहित्यांत फार थोड्या आढळल्या. उपदेश मात्र विपुल होता. याच केंद्रांतील अभ्यासकांनीं २००८ सालीं आणखी एक समजूत खोडून काढली. इंटरनेटवरील ओळखींतून घडलेल्या लैंगिक गुन्ह्यांपैकीं बहुतेकांत गुन्हेगारानें आपण प्रौढ असल्याचें लपविलें नव्हतें. किशोरवयीन मुलें जाणूनबुजून, प्रेमाच्या भरांत, त्याच्या भेटीस गेलीं होतीं. अशा मुलीस ‘अनोळखी माणसाशीं बोलूं नको’ या वाक्याचा उपयोग काय? तिच्या मतें तो अनोळखी नव्हताच. आणि आज समवयस्काची बतावणी करून पैसे उकळणाऱ्यांच्या टोळ्याच निर्माण झाल्या आहेत. लबाडीचीं सोंगें काळाप्रमाणें बदलतात. म्हणून जो धडा एका सोंगाचें चित्र दाखवून थांबतो तो दोन वर्षांत शिळा होतो. आपल्या मनांत काय चाललें आहे तें ओळखणें, घाई करणाऱ्याला थांबविणें, विश्वासाच्या माणसास सांगणें, हीं कौशल्यें मात्र शिळीं होत नाहींत.

आतां नागरिकत्वाकडे वळूं. कारण सुरक्षिततेचा उत्तमांतला उत्तम धडाहि जेथें पंगु पडतो तें स्थळ येथें आहे. स्पेनमधील अल्मेंद्रालेहो या गांवीं २०२३ च्या सप्टेंबरांत एक प्रकार उघडकीस आला. समाजमाध्यमांवरील मुलींचीं साधीं, वस्त्रांतलीं छायाचित्रें घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें त्यांचीं विवस्त्र चित्रें बनविण्यांत आलीं व तीं मित्रमंडळींत फिरविण्यांत आलीं. अशा मुली वीसहून अधिक होत्या आणि त्यांतील सर्वांत लहान अकरा वर्षांची होती. हें करणारे कोणी परके गुन्हेगार नव्हते, तर त्यांच्याच बरोबरचे शाळकरी मुलगे होते. पुढें २०२४ सालीं बाल-न्यायालयानें पंधरा मुलांस एक वर्ष देखरेखीखालीं ठेवण्याची शिक्षा दिली. त्या मुलींनीं कोणती सावधगिरी बाळगावयाची राहिली होती? त्यांनीं अयोग्य असें कांहींच पाठविलें नव्हतें. सुरक्षिततेचा धडा बळी पडणाऱ्याशीं बोलतो. येथें धड्याची गरज होती ती चित्र बनविणाऱ्यास, तें पुढें धाडणाऱ्यास, आणि तें पाहून हंसणाऱ्यास. नागरिकत्वाचा धडा तो हाच.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत गायजीझच्या अंगठीची कथा आहे. एका मेंढपाळास अशी अंगठी सांपडते कीं ती फिरवितांच तो अदृश्य होतो. आणि अदृश्य होतांच तो राजाचा खून करून राज्य बळकावतो. कोणी पाहत नसतां मनुष्य न्यायानें वागेल काय, हा तेथील प्रश्न. दोन हजारांहून अधिक वर्षें तो विद्वानांच्या वादाचा विषय होता. आज ती अंगठी आपण तेराव्या-चौदाव्या वर्षीं मुलांच्या हातीं देत आहों. खोटें नांव, खोटें चित्र, आणि समोरच्या मुलीचे डोळे दिसूं नयेत अशी सोय. डोळे दिसले असते तर त्या पंधरांपैकीं निम्मे तरी थांबले असते, असें आम्हांस वाटतें. तेव्हां न दिसणाऱ्या डोळ्यांची आठवण मनांत जागी ठेवणें, हेंच या शिक्षणाचें मुख्य कार्य. तें तक्त्यानें होत नाहीं. वर्गांत प्रसंग मांडून, ‘तुझ्याकडे असें चित्र आलें तर तूं पहिल्या मिनिटांत काय करशील?’ असें विचारून, मुलांस एकमेकांशीं बोलावयास लावून होतें. फिनलंडमध्यें तुर्कू विद्यापीठांत तयार झालेला ‘किवा’ नांवाचा उपक्रम याच तत्त्वावर उभा आहे. छळणारा व छळला जाणारा यांच्याइतकेंच लक्ष तो भोंवतीं उभ्या राहणाऱ्यांकडे देतो. त्याची परीक्षा मोठ्या प्रमाणावर झाली व छळ कमी झाल्याचें आढळलें. भोंवतालचीं मुलें हंसलीं नाहींत तर छळणाऱ्याची हौस पुष्कळशी ओसरते, हें कोणत्याहि शिक्षकास पटेल.

मुलींविषयीं आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ग्रामीण भारतांतील १४ ते १६ वर्षांच्या मुलांची २०२४ सालीं ‘असर’ पाहणी झाली. ज्यांना स्मार्टफोन चालवितां येतो त्यांपैकीं मुलांत शेंकडा ३६ जणांजवळ स्वतःचा फोन होता, मुलींत शेंकडा २७ जणींजवळ. समाजमाध्यमें वापरणाऱ्यांपैकीं शेंकडा ६२ मुलांना त्रासदायक खातें कसें अडवावें वा त्याची तक्रार कशी करावी हें ठाऊक होतें. म्हणजे मुलें आपण समजतों तितकीं अजाण नाहींत. परंतु सावधगिरीचा उपदेश घरोघर मुलींनाच अधिक होतो, आणि मुलीनें कांहीं त्रास सांगितला तर पहिली शिक्षा तिलाच होते : तिचा फोन जातो. मग पुढच्या वेळीं ती कशाला सांगेल? मुलीस सावध करणारा आणि मुलाशीं एक शब्दहि न बोलणारा धडा आम्ही तरी अपुराच म्हणूं. त्याला अन्यायकारक म्हटलें तरी फारसें चुकणार नाहीं.

साहित्य कोणीं तयार केलें, हेंहि पाहिलें पाहिजे. गूगल कंपनीनें २०१७ सालीं मुलांसाठीं एक पाठमाला व तिच्या जोडीला एक खेळ प्रसिद्ध केला. खेळ सुबक आहे, सूर प्रसन्न आहे, आणि संकेतशब्द, सभ्यपणा, फसव्या मजकुराची पारख यांविषयीं त्यांत उपयुक्त गोष्टी आहेत. परंतु टीकाकारांनीं दाखविलें आहे तें असें, कीं मुलांनीं इतरांपासून माहिती कशी जपावी हें त्यांत आहे; खुद्द कंपन्या मुलांची माहिती कशी गोळा करितात याविषयीं मात्र मौन आहे. याच कंपनीनें यूट्यूबवर मुलांची माहिती पालकांच्या संमतीवांचून गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ सालीं अमेरिकेंत १७ कोटि डॉलर भरून प्रकरण मिटविलें. दुकानदारानें गिऱ्हाइकाला वजनें कशीं तपासावींत हें शिकविणें चांगलेंच. पण त्यानें स्वतःचा तराजू तेवढा पडद्याआड ठेवला तर गिऱ्हाइकानें तो पडदा बाजूला करावा. भारतांत २०२३ सालीं झालेल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीकरितां पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांस नेमक्या जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले. नागरिकत्व शिकवावयाचें तर हा हक्क मुलांस सांगावयास नको काय? कर्तव्यांची यादी पाठ करून घेणें व हक्कांची गोष्ट न काढणें, ही प्रजा तयार करण्याची पद्धति आहे, नागरिक तयार करण्याची नव्हे.

‘एवढा घोळ कशाला? मुलांच्या हातीं फोनच देऊं नये,’ असें म्हणणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियानें तर २०२५ च्या १० डिसेंबरापासून सोळा वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास कायद्यानें बंदी केली. लहान वयांत बंदी असावी, याविषयीं आमचेंहि मत प्रतिकूल नाहीं. पण सोळावा वाढदिवस कधींतरी उजाडतोच. विहिरीला कठडा असावा हें खरें. तरी गांवांतल्या मुलाला पाठीला सुका भोपळा बांधून पोहावयास शिकवावेंच लागतें, आणि तें विहिरीच्या काठावर उभें राहून व्याख्यान दिल्यानें येत नाहीं.

असा सर्व विचार करून आम्हीं गठ्ठ्यांतील प्रत्येक वस्तूस पांच प्रश्न विचारले. हिची परीक्षा कोणीं घेतली, आणि मुलांचें ज्ञान सोडून वर्तन बदललें काय? हींत सराव आहे कीं नुसता उपदेश? ही केवळ बळी पडणाऱ्याशीं बोलते, कीं करणाऱ्याशीं व पाहणाऱ्याशींहि बोलते? ही कोणीं बनविली आणि काय वगळलें? आणि पांचवा प्रश्न, आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा : ज्याच्या हातून चूक होऊन गेली आहे असें एखादें मूल या वर्गांत मागच्या बांकावर बसलें असेल, तर हा धडा ऐकून तें घराकडे येईल कीं घरापासून दूर जाईल? चाळीस मुलांच्या वर्गांत असें एखादें मूल असतेंच, हें धरून चालावें. धडा त्याच्यासाठीं आहे. निर्धास्त असलेल्या एकुणचाळीसांचें त्यावांचून फारसें अडत नाहीं.

या कसोटीस बहुतेक झगझगीत वस्तु उतरल्या नाहींत. केंद्रीय गृहखात्यानें २०१८ सालीं विद्यार्थ्यांसाठीं काढलेली पुस्तिका दिसावयास साधी आहे. पण गळ टाकणाऱ्यांच्या युक्त्या, छळ, खेळांतील धोके, फसवणूक असे विषय तींत सरळ सांगितले आहेत, म्हणून शिक्षकाच्या हाताशीं असावी असें आम्हीं लिहिलें. तिला जोडून एका पानावर मोठ्या अक्षरांत काय छापावें तेंहि सांगितलें : पैशांची फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक, संकटांतील बालकांसाठीं १०९८, गृहखात्याचें सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचें संकेतस्थळ, आणि अमेरिकेंत सुरू झालेली ती सोय, जिच्यामुळें अल्पवयीन मुलाला आपलें नाजूक छायाचित्र कोणासहि न दाखवितां, त्याची केवळ एक सांकेतिक खूण देऊन, मोठ्या समाजमाध्यमांवरून काढून टाकण्याची मागणी करितां येते. हें एक पान आमच्या नात्यांतल्या त्या मुलाजवळ असतें तर अकरा दिवसांचे दोन झाले असते.

प्रतिज्ञापत्र मात्र आम्हीं काढून टाकलें आणि त्याच्या जागीं दुसरें सुचविलें. त्यावर सही मुलांनीं करावयाची नाहीं; आईबापांनीं करावयाची. मजकूर थोडा : ‘तुझ्या हातून कांहींहि झालें असलें तरी प्रथम आमच्याकडे ये. आम्ही आधीं ऐकूं, मग बोलूं. सांगितल्याबद्दल तुला शिक्षा होणार नाहीं.’

मुख्याध्यापकांनीं तें पालकसभेंत वाचून दाखविलें. आम्ही मागें बसलों होतों. एक गृहस्थ उठून म्हणाले, "म्हणजे मुलानें कांहींहि करावें आणि आम्हीं गप्प बसावें, असंच ना?" प्रश्न खोडसाळ नव्हता, त्यांत तत्त्वाची अडचण होती. अपराध्यास अभय दिल्यानें नीति शिथिल होत नाहीं काय? मुख्याध्यापक म्हणाले, "गप्प बसावयाचें नाहीं, साहेब. आधीं ऐकावयाचं. चुकीची शिक्षा द्यायची कीं नाहीं, तें नंतर ठरवा. सांगण्याची शिक्षा तेवढी देऊं नका." आम्हांस हें उत्तर पुरेसें वाटलें. न्यायाधीशदेखील हकीकत ऐकल्यावांचून निकाल देत नाहीं. घरांत मात्र पुष्कळदां निकाल आधीं लागतो, म्हणून हकीकत बाहेरच येत नाहीं. अभय सत्य सांगण्याला आहे, अपराधाला नाहीं. सत्य बाहेर आल्यावांचून चूक सुधारण्याचा आरंभच होत नसेल, तर या अभयानें नीतीचा मार्ग मोकळाच होतो.

सुमारें निम्म्या पालकांनीं तेथेंच सह्या केल्या. बाकीच्यांनीं ‘घरीं नेऊन विचार करतों’ म्हटलें, आणि खरें सांगावयाचें तर त्यांच्याविषयीं आम्हांस अधिक आदर वाटला; वचन पाळावें लागतें हें त्यांच्या ध्यानांत आलेलें दिसलें.

आम्हीहि एक प्रत घरीं आणली. आमची नात यंदा सहावींत आहे. मागच्या महिन्यांत तिला वक्तृत्वाचें बक्षीस मिळालें, तेव्हां गणवेशांतला, शाळेचें नांव स्पष्ट दिसणारा तिचा फोटो आम्हीं मोठ्या कौतुकानें नातलगांच्या चार समूहांत पाठविला होता. आम्हीं सही करून कागद तिच्या हातीं दिला. तिनें तो दोनदां वाचला आणि म्हणाली, "आजोबा, यांत तुम्ही माझा फोटो न विचारतां पाठवणार नाहीं, असं कुठं लिहिलंय?"

तें लिहिलें नव्हतें. आम्हीं तें खालीं लिहून पुन्हां सही केली.